उरलेला पुर्जा

घड्याळ दुरुस्तीला आणणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "काही झालं नाही त्याला, नुसतं बंद पडलंय." डॉक्टरकडं माणूस नेताना असं कुणी म्हणत नाही. मग तो काउंटरवर कोपर टेकतो आणि माझ्या हाताकडं टक लावून बसतो. आतला चांगला माल काढून घेऊन मी पितळ भरणार, अशी त्याची खात्री असते. चाळीस वर्षं ही नजर मी अंगावर घेतली. आता नजर उरली, गिऱ्हाईक कमी झालं.

केजला बस स्टँडच्या समोर माझं दुकान आहे. पुढच्या भागात मुलगा मोबाईलची कव्हरं विकतो, मागं खिडकीशी माझं टेबल. दिवाळी अंकासाठी धंद्यातले यशस्वी अनुभव लिहा, असं संपादकांनी कळवलंय आणि 'यशस्वी'खाली रेघ मारलीय. मी बराच विचार केला. यशस्वी दुरुस्तीत सांगण्यासारखं काही नसतं. घड्याळ चालायला लागतं आणि माणूस निघून जातो.

आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं. मला लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय बारीक राहिला. मेंढरांमागं दिवसभर चालायचं काम, त्यात माझा उपयोग शून्य. वडील म्हणाले, याला बसून करायचा धंदा बघा. शिलाई मशीनला पाय लागतो, म्हणून ते बाद झालं. राहिलं घड्याळ. अशा रीतीनं मी या कलेकडं वळलो.

परळीला स्टेशनजवळ एक उस्ताद होते, त्यांच्याकडं शिकायला राहिलो. परळीत कोळशाची राख हवेतच असते. मनगटावरचं घड्याळ उघडलं की आधी राख दिसायची, मग यंत्र. राखेचा थर बघून गिऱ्हाईक गावाच्या कुठल्या अंगाला राहतं हे उस्ताद सांगायचे आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्यांनी मला दोन नियम शिकवले. पहिला, दुरुस्त केलेल्या घड्याळाच्या मागच्या झाकणात, आतल्या बाजूनं, सुईनं आपली खूण कोरायची. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. पुढं जो कारागीर झाकण उघडेल त्याला कळावं, आधी इथं कोण येऊन गेलं. माझी खूण 'ना'. नामदेवातला. दुसरा नियम त्यांच्याच भाषेत सांगतो. "पुर्जा फेकना नै. पुर्जा कभी बेकार नै रहता, कारीगर रहता." म्हणजे घड्याळातून निघालेला कुठलाही भाग टाकायचा नाही. कागदात गुंडाळायचा, वर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं आणि कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत ठेवायचा. माझ्याकडं अशा अकरा डब्या आहेत.

लोक घड्याळाला काय काय करतात त्याची यादी मोठी आहे. एकानं घड्याळ जड चालतं म्हणून आत खोबरेल तेल सोडलं होतं. थंडी पडली आणि ते गोठलं. उन्हाळ्यात घड्याळ आपोआप बरं झालं, म्हणून पुढच्या थंडीत त्यानं आणखी सोडलं. एसटीतले एक निवृत्त कंडक्टर आपलं घड्याळ दहा मिनिटं पुढं ठेवायचे, म्हणजे गाडी चुकत नाही. पण दहा मिनिटं पुढं आहे हे त्यांना ठाऊक असल्यामुळं ते दहा मिनिटं उशिरा निघायचे. एकदा मी चुकून बरोबर वेळ लावून दिली आणि त्यांची बहिणीच्या घरची हळद चुकली. तेव्हापासून मी विचारल्याशिवाय वेळ लावत नाही.

यांना हसायचा मला हक्क नाही. घड्याळात सुधारणा करायचा मोह मलाही झाला होता. तीच गोष्ट सांगायचीय.

आमच्याकडं शंकरपट भरतो. म्हणजे बैलांची शर्यत. हलक्या गाडीला जोडी जुंपायची, एका दमात सोडायची, आणि सगळ्यांत कमी वेळात जी दोरी ओलांडेल ती पहिली. कुठं दोन जोड्या शेजारी पळवतात, पण दिंद्रुडच्या बाजूला, ज्या गावाचं मी सांगतोय तिथं, एकेकच जोडी सुटायची. त्यामुळं बैल कितीही पळो, निकाल घड्याळ द्यायचं. आणि ते घड्याळ असायचं बाबूराव गुरुजींच्या हातात.

गुरुजी शाळेत पीटी शिकवायचे. त्यांचा थोरला भाऊ फौजेत होता, त्यानं त्यांना एक परदेशी घड्याळ दिलं होतं, दोन बटणांचं. याला क्रोनोग्राफ म्हणतात. एकाच घरात दोन चुली असाव्यात तसं हे घड्याळ. एक रोजची वेळ दाखवतं, दुसरं फक्त मोजायला. मोजणारा लांब काटा एरवी बारावर गप उभा असतो. वरचं बटण दाबलं की पळतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की बारावर परत. तबकडीवर एका सेकंदाच्या पाच रेघा. म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा नुसत्या डोळ्यानं वाचता येतो.

गुरुजींच्या अंगठ्यावर पंचक्रोशीचा विश्वास होता. झेंडी पडताना दाबायचं, दोरीशी दाबायचं. अंगठा थोडा उशीर करतोच, पण गुरुजी म्हणायचे, "माझा अंगठा गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखाच उशीर करतो." वाद झाला की लोक म्हणायचे, गुरुजींची घडी काय म्हणते ते बोला.

पंचवीसेक वर्षांपूर्वी, पटाच्या आधी आठ-दहा दिवस, गुरुजी घड्याळ घेऊन माझ्याकडं आले. तक्रार अशी होती की मोजणारा काटा सुरू केला की सगळं घड्याळच मंद पडतं, कधी थांबतं. मी उघडलं. असलं घड्याळ मी तोवर उस्तादांच्या हातात पाहिलं होतं, स्वतः खोललं नव्हतं. ही गोष्ट मी गुरुजींना सांगितली नाही. कुठलाच कारागीर सांगत नाही.

आतली रचना अशी. एक बारीक चाक अखंड फिरत असतं. बटण दाबलं की ते बाजूला सरकून मधल्या चाकाला भिडतं, आणि मधल्या चाकावर काटा बसवलेला असतो. या दोन्ही चाकांचे दात इतके बारीक, की नुसत्या डोळ्याला कड गुळगुळीत वाटते. मधल्या चाकाखाली एक स्प्रिंग होती, पापणीच्या केसाएवढी. ती काही ढकलत नव्हती, काही ओढत नव्हती. नुसती चाकाला टेकून बसली होती. मी दोन दिवस तिच्याकडं बघितलं. कामाचं काही करत नाही आणि चाकाला घासते, म्हणजे घड्याळ हिच्यामुळंच जड जातंय, असा मी निष्कर्ष काढला. खरं कारण वाळलेलं तेल होतं. ते मी साफ केलंच, पण स्प्रिंगही काढून टाकली. घड्याळ पाखरासारखं चालायला लागलं. एक भाग काढूनही यंत्र आधीपेक्षा चांगलं चालतं, म्हणजे बनवणाऱ्यांना अक्कल कमी, असं मला मनापासून वाटलं. बायकोला बोलूनही दाखवलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. गुरुजी म्हणाले होते, काटा उन्हात चमकतो, नीट दिसत नाही. मी बायकोची नखं रंगवायची बाटली घेतली आणि लांब काटा लाल केला. दोन हात दिले. झाकणात 'ना' कोरला, स्प्रिंग कागदात गुंडाळली, वर लिहिलं, 'बाबूराव गुरुजी, जादा पुर्जा', आणि डबीत टाकली. गुरुजी काट्यावर खूश. बायको बाटलीवरून आठवडाभर बोलली.

त्या पटात माझे दाजीही होते. सुदाम दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते गुरुजींच्याच गावचे, आणि लहानपणी त्यांच्याच हाताखाली शिकलेले. दाजींचा उजव्या अंगाचा बैल काजळ्या. पांढराशुभ्र, डोळ्यांभोवती काळं. मेंढराच्या दुधावर वाढवलेला, असं दाजी सांगायचे. माझी बहीण सांगायची, की पोरांच्या दुधावर. त्या बैलाला दाजींनी अहोजाहो करायचं एवढंच बाकी होतं.

आदल्या जोड्यांमध्ये भागातल्या एका पुढाऱ्याची जोडी सगळ्यांत पुढं होती. सहा सेकंद दोन रेघा. शेवटी दाजींची जोडी सुटली. मी दोरीजवळच बसलो होतो. काजळ्या पळाला तसा बैल मी पुन्हा पाहिला नाही. लोक टोप्या उडवत आत घुसले, दाजींना खांद्यावर घेतलं. गुरुजींनी घड्याळ डोळ्यांशी नेलं, पंचांना दाखवलं, आणि आवाज दिला, "सहा सेकंद तीन रेघा."

एक रेघ जास्त. लोकांनी दाजींना खांद्यावरून खाली ठेवलं. दाजी धुळीत उभे राहिले, गुरुजींकडं बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "गुरुजी, तुमी घडी इकली. पुढाऱ्याला इकली."

गुरुजींनी आयुष्यात शाळेचा खडूसुद्धा घरी नेला नव्हता. पंच म्हणाले, घड्याळवाला हितंच हाय, त्याला इचारा. सगळे माझ्याकडं वळले. इतक्या लोकांनी माझ्याकडं बघायची ती पहिलीच वेळ. मी उठलो, छाती काढली आणि म्हणालो, "माज्या हातचं घड्याळ हाय. परवाच खोललंय." मग एका पंचाचं घड्याळ शेजारी धरून मी काटा सुरू केला, पूर्ण एक मिनिट. मिनिटाला मिनिट बरोबर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळाची अशी जाहीर परीक्षा घेऊन दाखवल्याचा मला अभिमान वाटला. पंच म्हणाले, घडी बरोबर, निकाल कायम.

दाजी माझ्याजवळ आले आणि शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, घड्याळ बराबर हाय ना? मंग खोट अंगठ्यात हाय."

म्हणजे मी घड्याळ निर्दोष ठरवलं आणि त्याच दमात गुरुजींना दोषी. हे माझ्या ध्यानातही आलं नाही. बहिणीनं त्या दिवशी मला भाकरी वाढताना सुनावलं, "तुला कावून बोलायचं हुतं? गप बसला असतास तर भांडण उनात वाळून गेलं असतं."

गुरुजींनी त्यानंतर घड्याळ हातात धरलं नाही. पेटीत ठेवून दिलं. एकाच गल्लीत राहून ते आणि दाजी एकमेकांशी बोलेनासे झाले. दाजी गुरुजींच्या दारावरून जायचं टाळायला ओढ्यातून जायचे. काजळ्या पुढं म्हातारा होऊन गेला, दाजींनी त्याला रानात पुरलं आणि वर लिंब लावला. माझ्याशी दाजींनी बोलणं सोडलं नाही, पण दर भाऊबीजेला मी गेलो की त्यांना नेमकी शेळ्यांची आठवण व्हायची. बहीण ओवाळायची, दाजी शेळ्यांत. मधली कित्येक वर्षं पट कोर्टामुळं बंद होते, भांडण मात्र चालू राहिलं.

आता पट पुन्हा भरतात. घड्याळ कुणी धरत नाही. दोरीच्या जागी उजेडाची रेघ असते, बैलानं ती तोडली की पडद्यावर आकडा येतो. दोन वर्षांपूर्वी गुरुजी तसा एक पट बघायला गेले होते. तिथून आल्यावर त्यांनी पेटी उघडली आणि धारूरला गाडी बदलून, काठी टेकत, माझ्या दुकानात आले. वय ऐंशीच्या पुढं. घड्याळ माझ्यापुढं ठेवलं.

"काही झालं नाही त्याला," मी सवयीनं म्हणालो, "नुसतं बंद पडलंय."

गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "नामदेव, हे खोलून बघ. तिथं पडद्यावर सेकंदाचे शंभर तुकडे करतात रे. मी पाचावर निकाल दिले. माझा अंगठा त्या दिवशी चुकला का घड्याळ चुकलं, तेवढं मला सांग. सुदाम खोटं बोलणारा पोरगा नव्हता. मी त्याला चौथीपासून ओळखतो."

मी म्हणालो, बघतो. ते गेल्यावर झाकण उघडलं. आत 'ना'. एकच खूण. माझ्या आधी कुणी नाही, माझ्यानंतर कुणी नाही. साफ करून जोडायला घेतलं आणि मधल्या चाकाशेजारी एक रिकामं भोक दिसलं, स्क्रूचं. अशी भोकं कुणी हौसेनं पाडत नाही. मधल्या वर्षांत मी असली पाच-सहा घड्याळं दुरुस्त केली होती, त्यामुळं तिथं काय असायला हवं हे आता मला कळत होतं. मी उठलो आणि डब्या शोधायला लागलो. सातव्या डबीत कागद सापडला. 'बाबूराव गुरुजी, जादा पुर्जा.' अक्षर माझंच, आणि चांगलं वळणदार.

त्या स्प्रिंगचं काम आता सांगतो. दोन चाकं भिडताना दात फटीत बसला तर काटा शांतपणे निघतो. पण दातावर दात आदळला तर मधलं चाक हिसका खातं. स्प्रिंग त्या चाकाला जरासं धरून ठेवते, म्हणून काटा उडत नाही. मी ती काढली. वर काट्याला दोन हात रंग देऊन तो जड केला, म्हणजे उडाला तर लांब उडावा. पटाच्या वेळी मी मिनिटभर काट्याचं चालणं तपासलं होतं, आणि चालणं बरोबरच होतं. खोट निघण्यात होती.

स्प्रिंग न बसवता मी घड्याळ जोडलं, डोळ्याला भिंग लावलं, आणि बटण दाबत बसलो. कॅलेंडरच्या मागं खुणा करत गेलो. शंभर वेळा सुरू केलं. साठ वेळा काटा नीट निघाला. एकतीस वेळा एक रेघ पुढं उडून निघाला. नऊ वेळा मागं. पुन्हा शंभर वेळा करून बघितलं, कारण पहिला हिशेब मला आवडला नव्हता. दुसराही साधारण तोच आला.

त्यानंतर मी जे केलं ते धंद्यात सगळे करतात. गुरुजी विचारायला आले तेव्हा सांगितलं, पुर्जा मागवलाय. पंधरा दिवसांनी आले, सांगितलं, मुंबईहून निघालाय. पुर्जा तीन हातांवर डबीत होता. मला लाज वाटत होती, पण भीती जास्त वाटत होती. गुपचूप स्प्रिंग बसवली असती, रंग खरडला असता, तर जगात कुणाला कळलं नसतं. गुरुजींनी दोष आपल्या अंगठ्याला दिला असता आणि माझं नाव शाबूत राहिलं असतं. माझ्या टेबलावरून गेलेलं काम परत येत नाही, असं मी चाळीस वर्षं सांगत आलोय.

तिसऱ्या खेपेला गुरुजी आले आणि स्टुलावर बसून म्हणाले, "राहू दे आता ते घड्याळ. मी सुदामाला निरोप पाठवलाय. त्याला सांगणार, माझा अंगठा चुकला, पुढाऱ्याच्या दबावात चुकला. त्याचा बैल जिंकला होता."

"पर तुमी तर दबावात नव्हतात, गुरुजी."

"नव्हतो. पण तो तरी शांत होईल. मला आता किती दिवस राहिलेत?"

ऐंशी वर्षं खोटं न बोललेला माणूस माझ्या एका स्प्रिंगपायी पहिलं खोटं बोलायला निघाला होता, आणि तेही स्वतःवर डाग घेऊन. मला माझा राग आला. मी म्हणालो, "आठ दिवस थांबा. निरोपाचं मी बघतो." त्याच दिवशी बहिणीला फोन केला, दाजींना घेऊन दुकानात ये. ती म्हणाली, न्हाई आले तर? मी म्हणालो, सांग, काजळ्याचं काम हाय.

बाजाराच्या दिवशी ते आले. गुरुजी आधीच बसले होते. दाजी दारात थबकले. बहिणीनं मागून ढकललं तेव्हा आत आले आणि गुरुजींकडं पाठ करून बसले. दोघंही माझ्याशीच बोलत होते. गुरुजी म्हणायचे, "सुदामाला विचार चहा घेणार का," आणि अडीच फुटांवरचे दाजी म्हणायचे, "त्यांना सांग, घेऊन आलोय."

मी सगळं सांगितलं. झाकणातला 'ना' दाखवला. कागद दाखवला, कॅलेंडर दाखवलं. घड्याळ दोघांच्याही हातात देऊन काटा उडवून दाखवला. नेमका सातव्यांदा उडाला, तोवर मला घाम फुटला होता.

दाजी म्हणाले, "म्हंजी माजा काजळ्या जितला हुता?"

"सांगता येत न्हाई, दाजी. त्या वक्ताला काटा उडला आसंल, न्हाईतर नसंल."

"आन् पुढाऱ्याच्या जोडीला?"

"त्याबी वक्ताला तसंच."

"मंग आमी इतकी वर्सं कशावर भांडलो बे?"

'बे' दाजी मला पहिल्यांदाच म्हणाले. मेव्हण्याला असं म्हणत नाहीत. मी चिमट्यानं कागद उघडला. "ह्याच्यावर." त्यांना काही दिसेना. मी त्यांच्या डोळ्याला भिंग लावलं, म्हटलं श्वास धरा. त्यांनी वाकून बघितलं, आणि इतक्या वर्षांचा जो काही होता तो सगळा श्वास नाकानं सोडला. स्प्रिंग कागदावरून गेली.

असा पुर्जा दुसरीकडं मिळत नाही. मी ओरडलो. बहिणीनं साडी आवरून दाराशी वाट अडवली. मी बारक्या पायासकट जमिनीवर बसलो, दुसरं भिंग डोळ्याला लावून, टॉर्चच्या उजेडात फरशी चाचपायला लागलो. दाजी उठायला गेले, तेवढ्यात गुरुजींचा आवाज आला. शाळेच्या मैदानावरचा, जुना.

"सुदाम! हलू नकोस."

दाजी अर्धवट उठलेले तसेच थांबले. "न्हाई हलत, गुरुजी."

गुरुजी काठी टेकत उठले, चष्मा कपाळावर चढवला आणि दाजींच्या धोतरावर वाकले. गुडघ्याच्या जरा वर, घडीत, ती बसली होती. गुरुजींनी बोट थुंकीनं ओलं करून ती उचलली. "श्वास घेऊ?" दाजींनी विचारलं. "घे आता," गुरुजी म्हणाले.

माझी बहीण दारातच रडायला लागली. मलाही रडू आलं, पण माझ्या डोळ्याला भिंग होतं.

त्यानंतर दोघांचं बोलणं जे सुरू झालं ते माझ्यावरच. गुरुजी म्हणाले, याला मी गणितात काठावर पास केलं असतं. दाजी म्हणाले, ह्यो मेंढरांमागं गेला असता तर एकबी मेंढरू संध्याकाळी घरी आलं नसतं. अर्धा तास दोघांनी मिळून माझी उतरवली, आणि मी खाली मान घालून स्प्रिंग बसवली, काट्याचा लाल रंग खरडला आणि घड्याळ जोडलं. मग तिघांनी आळीपाळीनं शंभर वेळा काटा सुरू केला. दाजी मोठ्यानं मोजत होते. एकदाही उडाला नाही.

"ह्येच त्या दिशी असतं तर," दाजी म्हणाले. ते वाक्य माझ्या अंगावर आहे, ते कशानंही फिटायचं नाही. काजळ्या जिंकला होता का हरला, हे मी कुणाला कधीच सांगू शकणार नाही.

झाकण बसवायच्या आधी मी सुई घेतली, जुन्या 'ना'शेजारी नवी खूण घालायला. दाजींनी विचारलं, हे काय करतोस? मी नियम सांगितला, आत येऊन गेलेल्याचं नाव कोरतात. दाजी म्हणाले, "मंग काजळ्याचं कोर. समद्यात जास्त तोच आत हुता." मी गुरुजींकडं बघितलं. घड्याळ त्यांचं. गुरुजी म्हणाले, "नीट अक्षरात कोर. पूर्ण नाव."

पूर्ण नाव कोरलं. झाकण रुपयाएवढं, त्यात 'काजळ्या' बसवताना माझ्या नव्या खुणेला जागा उरली नाही. गुरुजी आणि दाजी एकाच गाडीनं गावाला गेले. ओढ्यातून जायची गरज आता राहिलेली नाही. गेल्या भाऊबीजेला बहीण मला ओवाळत होती तेव्हा दाजी शेजारी बसून होते. शेळ्या गुरुजींच्या दारात बांधल्या होत्या.

गुरुजींच्या पश्चात ते घड्याळ कुणाकडं जाईल, मला माहीत नाही. कधीतरी बंद पडेल. कुणीतरी कारागीर, तोवर कुणी उरला असेल तर, झाकण उघडेल, आणि आत बैलाचं नाव का, म्हणून चक्रावेल. हे त्याच्यासाठी लिहून ठेवलंय. मधल्या चाकाखालची स्प्रिंग जादा नाही, भाऊ. तिला तिथंच राहू दे.